बौद्धिक अक्षमता आणि संगीताविष्कार

बौद्धिक वाढीतील मर्यादांमुळे ज्यांना नवे शिकणे, भाषा वापरणे किंवा दैनंदिन व्यवहार सांभाळणे अवघड जाते, अशा व्यक्तींनी स्वतः गाणे-वाजविणे, रचना करणे व ती श्रोत्यांपुढे सादर करणे, तसेच त्यासाठी वाद्ये, स्वरलेखन, अध्यापनपद्धती व कार्यक्रमांची व्यवस्था यांत करण्यात आलेले बदल, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. या अवस्थेला मराठीत पूर्वी मनोदौर्बल्य किंवा मतिमंदत्व म्हणत. अलीकडे ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा रूढ झाली आहे. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्दप्रयोग याच अर्थाने करतात. आपल्याकडे मात्र ‘अध्ययन अक्षमता’ म्हणजे वाचन, लेखन वा गणन यांपुरती मर्यादित अडचण असा अर्थ घेतला जातो. या दोहोंची गल्लत अनेकदा होते, ती टाळणे इष्ट. संगीतोपचाराशी या विषयाचे निकटचे नाते असले, तरी दोन्ही एक नव्हेत. उपचारात संगीत हे साधन असते. येथे ते साध्य आहे. तथापि या इतिहासाचा मोठा भाग उपचारकांनीच घडविला असल्याने त्यांचे कार्य वगळून तो सांगता येत नाही.

अशा मुलांच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. आव्हेराँ परगण्यातील रानात वाढलेला व १८०० मध्ये लोकांच्या हाती लागलेला व्हिक्टर नावाचा मुलगा पॅरिसला आणण्यात आला व त्याला शिकविण्याचे काम झां मार्क गास्पार ईतार (१७७४–१८३८) या वैद्याने अंगावर घेतले. पिस्तुलाच्या बारानेही न दचकणारा हा मुलगा अक्रोड फोडल्याचा बारीक आवाज मात्र तत्काळ टिपत असे, हे ईतारचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. कानाला ऐकू येणे आणि मनाने ऐकणे यांतील हा फरक पुढील सर्व प्रयत्नांना पायाभूत ठरला. ईतारच्या प्रेरणेने या क्षेत्रात आलेल्या एद्वार सेगँ (१८१२–८०) याने इंद्रियशिक्षणाची पद्धती उभारली व तीत ताल व गायन यांनाही स्थान दिले. परंतु ते लक्ष एकाग्र करणे, पावले नियमित पडणे, उच्चार सुधारणे अशा हेतूंसाठी. या मुलांना स्वतःचे असे काही गावयाचे असेल, हा विचार त्या काळी कोणाच्याही मनात आला नव्हता.

इंग्लंडमधील जॉन लँग्डन डाउन (१८२८–९६) याने, पुढे ज्या अवस्थेला त्याचेच नाव मिळाले, तिचे वर्णन १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. या व्यक्तींमधील अनुकरणाची हातोटी व विनोदबुद्धी त्याने आवर्जून नोंदविली आहे. १८६८ मध्ये त्याने व त्याची पत्नी मेरी हिने लंडनजवळ टेडिंग्टन येथे नॉर्मन्सफील्ड ही निवासी संस्था काढली आणि १८७९ मध्ये तेथे एक सुसज्ज नाट्यगृह बांधले. त्याचा रंगमंच व रंगविलेले पडदे आजही जतन केलेले आहेत; व्हिक्टोरियाकालीन खाजगी नाट्यगृहांचा तो एक दुर्मीळ नमुना होय. सेवक नेमताना त्यांच्या अंगी गायन, वादन वा अभिनय यांपैकी काही आहे की नाही, हेही पाहिले जाई. वेड्यांच्या इस्पितळांतील तत्कालीन कोंडवाड्यांशी तुलना करता ही दृष्टी उदारच म्हणावी लागेल. मात्र रंगमंचावर मुख्यतः सेवकवर्ग आणि समोरच्या खुर्च्यांवर निवासी, अशीच तेथील सर्वसाधारण विभागणी होती.

स्वतः रंगमंचावर येण्याचे भाग्य ज्याला लाभले, त्याच्या बाबतीत ते भाग्यच होते काय, हा प्रश्न पडतो. टॉमस विगिन्स (१८४९–१९०८) हा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेला अंध मुलगा ‘ब्लाइंड टॉम’ या नावाने पियानोवादक म्हणून विख्यात झाला. एकदा ऐकलेली रचना जशीच्या तशी वाजविण्याची त्याची क्षमता विलक्षण होती. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांच्यासमोर त्याचे वादन झाले. त्याची लक्षणे आजच्या परिभाषेत बहुधा स्वमग्नतेत मोडतील; त्याच्या काळी मात्र त्याला ‘मूढ’ ठरवूनच त्याची जाहिरात होत असे, कारण मूढपणा जितका अधिक तितके आश्चर्य अधिक व गल्ला अधिक. गुलामगिरी संपल्यावरही त्याचा ताबा पालकत्वाच्या नावाखाली जुन्या मालकांच्या कुटुंबाकडेच राहिला, त्यासाठी न्यायालयीन झगडे झाले आणि त्याच्या वादनाची कमाई इतरांच्या हाती गेली. तो रचनाकारही होता, पण त्याच्या रचनांपेक्षा त्याच्या अनुकरणाचीच चर्चा झाली. रंगमंच हे नेहमीच मुक्तीचे स्थान नसते, याचे हे उदाहरण असून या विषयावर लिहिणाऱ्याने ते नजरेआड करू नये. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पुढे आलेला डेरेक पॅराविचिनी (जन्म १९७९) हा अंध व स्वमग्न पियानोवादकही अशाच श्रवणस्मृतीसाठी ख्यातनाम आहे. परंतु अ‍ॅडम ऑकलफर्ड यांच्यासारखा शिक्षक त्याला लहानपणापासून लाभला. बोटे चालविण्याच्या रीतीपासून इतरांबरोबर वाजविण्यापर्यंतचे शिक्षण त्याला मिळाले, केवळ प्रदर्शन नव्हे.

विसाव्या शतकात वाद्यांच्या अंगाने एक महत्त्वाचा बदल जर्मनीत झाला. कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) या संगीतकाराने म्यूनिक येथील विद्यालयात जी वाद्ये प्रचारात आणली, त्यांतील झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या काढता येतात. मध्यम व निषाद यांच्या पट्ट्या काढून ठेवल्या, की उरलेले पाच स्वर आपल्या भूप रागाचे होतात आणि मूल कोठेही काठी मारो, विसंवादी काही निघत नाही. चूक करण्याची भीती वाद्यातूनच काढून टाकण्याची ही युक्ती अक्षम मुलांसाठी योजिलेली नव्हती. पण तिचा सर्वाधिक लाभ त्यांनाच झाला. गेर्ट्रूड ऑर्फ (१९१४–२०००) यांनी म्यूनिकमध्येच बालवैद्यकाच्या क्षेत्रात या वाद्यांवर आधारलेली स्वतंत्र पद्धती विकसित केली.

याहून मूलगामी प्रयोग इंग्लंडमध्ये घडला. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ (१९०९–७७) यांनी १९५८ मध्ये युरोपच्या प्रवासात वूस्टरशरमधील क्लेंट येथील सनफील्ड या बालगृहाला भेट दिली. तेथे क्लाइव्ह रॉबिन्स (१९२७–२०११) हे शिक्षक होते. बार्ड महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडून नॉर्डॉफ १९५९ मध्ये सनफील्डला परतले आणि दोघांचे सहकार्य सुरू झाले. नॉर्डॉफ पियानोवर बसत. मुलाच्या हाती ढोल व झांज दिली जाई. रॉबिन्स मुलाजवळ उभे राहत. मूल ज्या लयीत ढोल बडवी, तीच लय पियानो उचलत असे. मूल थांबले तर पियानो वाट पाही. मूल किंचाळले वा रडले, तर त्या आवाजाचा स्वर धरून तेथूनच चाल बांधली जाई. प्रत्येक बैठकीचे ध्वनिमुद्रण करून दोघे ते नंतर बारकाईने ऐकत. शिकविण्याच्या रूढ क्रमाची येथे उलटापालट झाली होती. मुलाने संगीताच्या तालावर येण्याऐवजी संगीतच त्याच्या तालावर आले होते, आणि आपल्यामागे कोणीतरी येत आहे हे उमगल्यावर मूल मुद्दाम लय बदलून पाहू लागे. माझ्या मते ‘वादन’ येथेच सुरू होते.

समूहासाठी त्यांनी केलेल्या रचनांचेही वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. काही रचनांत एकेका मुलाच्या हाती एकच स्वर देणारी पिपाणी असते. त्याने तो एक स्वर नेमक्या जागी फुंकावयाचा. तो चुकला तर चाल खंडित होते. काम सोपे, पण जबाबदारी खरी. ‘पिफ-पाफ-पोल्ट्री’ हे ग्रिमबंधूंच्या कथेवरील त्यांचे संगीतनाट्यही मुलांनीच करावयाचे होते. हे प्रयोग कोणत्या काळात चालले होते, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये गंभीर बौद्धिक अक्षमता असलेली मुले कायद्याने शाळेत शिकण्यास अयोग्य ठरविली जात. ही तरतूद १९७० च्या कायद्याने रद्द झाली व १९७१ पासून ही मुले शिक्षणखात्याच्या कक्षेत आली. ज्यांना अक्षरओळखही शक्य नाही असे शासन मानीत होते, ती मुले त्यापूर्वी दहा-बारा वर्षे समूहवादन करीत होती.

एडवर्ड विल्यम्स (१९२१–२०१३) या ब्रिटिश संगीतकाराच्या कल्पनेतून १९८० नंतरच्या काळात ‘साउंडबीम’ हे उपकरण निर्माण झाले. त्यातून श्राव्यातीत ध्वनीचा अदृश्य झोत बाहेर पडतो. हात वा मान त्या झोतात पुढेमागे हलविली असता अंतर मोजले जाते आणि त्याचे स्वरांत रूपांतर होते. ज्याला काठीही धरता येत नाही, अशा व्यक्तीला त्यामुळे वादन शक्य झाले. मात्र अशा उपकरणांत यंत्राने किती करावे व वादकाने किती, हा वाद कायम आहे. हात कसाही हलविला तरी गोडच आवाज येत असेल, तर वाजविणाऱ्याने ठरविण्याजोगे काय उरते, ही शंका रास्त आहे.

स्वरलेखनाच्या बाजूने फिनलंडमधील ‘कुविओनुओटिट’ म्हणजे आकृतिस्वरलिपी विशेष उपयुक्त ठरली. कारलो उसितालो यांनी ती १९९० नंतरच्या दशकात रचली व हेल्सिंकीतील रेसोनारी या संगीतविद्यालयाने तिचा प्रसार केला. तीत प्रत्येक स्वराला एक रंग (उदा., ‘सी’ला तांबडा, ‘एफ’ला निळा, ‘ए’ला पिवळा) व प्रत्येक सप्तकाला एक आकार (फुली, चौकोन, वर्तुळ, त्रिकोण) दिलेला असतो. तीच चिन्हे वाद्याच्या पट्ट्यांवर चिकटविलेली असतात. कागदावर निळे वर्तुळ दिसले, की निळ्या वर्तुळाची पट्टी दाबावयाची. मध्ये भाषांतर नाही. चिन्हाची लांबी स्वराचा काल दाखविते. रूढ पाश्चात्त्य लिपीतील आवश्यक माहिती यात गाळलेली नाही, त्यामुळे इच्छा असल्यास विद्यार्थी पुढे त्या लिपीकडे वळू शकतो.

वाद्य हाती आले, लिपी वाचता आली, तरी श्रोत्यांपुढे जाण्याचा टप्पा उरतोच. हाम्बुर्ग येथील एका सेवासंस्थेतील सतरा क्रमांकाच्या निवासी गटातून १९८९ मध्ये ‘स्टेशन १७’ हा वाद्यवृंद निघाला. अक्षम व इतर संगीतकार तेथे बरोबरीने रचना करतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडील ससेक्स भागात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘हेवी लोड’ या पंक वाद्यवृंदाचा अनुभव बोधप्रद आहे. त्याचे बहुतेक श्रोते स्वतः बौद्धिक अक्षमता असलेले होते आणि कार्यक्रम रंगात आला असता रात्री नऊच्या सुमारास ते एकाएकी उठून जात. कारण त्यांच्या साहाय्यकांची पाळी दहा वाजता संपत असे. संगीताला अडथळा बुद्धीचा नव्हता, हजेरीपत्रकाचा होता. यातून ‘स्टे अप लेट’ म्हणजे ‘रात्री उशिरापर्यंत जागा’ ही चळवळ २००६ मध्ये उभी राहिली. वाद्यवृंद २०१२ मध्ये थांबला. चळवळ मात्र पुढे चालू राहिली आणि कार्यक्रमाला सोबत जाणारा, समान आवडीचा स्वयंसेवक मित्र मिळवून देण्याची योजना तिने सुरू केली.

हेल्सिंकीतील एका कार्यशाळेतून २००९ मध्ये निघालेल्या ‘पेर्त्ती कुरिकन निमिपाइवात’ या चौघांच्या पंक वाद्यवृंदाने २०१५ मध्ये व्हिएन्ना येथील युरोव्हिजन गीतस्पर्धेत फिनलंडचे प्रतिनिधित्व केले. त्यांचे गीत जेमतेम दीड मिनिटाचे, त्या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत आखूड होते. नेहमी हे करावेच लागते आणि ते करता येतच नाही, अशी निवासी जीवनातील बंधनांविषयीची तक्रार त्यात होती. उपांत्य फेरीतच ते बाद झाले. अनेकांनी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले, काहींनी थट्टा केली. गीत चांगले की वाईट, एवढाच विचार करणारे थोडे होते. कलावंताला खरे तर तोच न्याय हवा असतो. हा वाद्यवृंद २०१६ मध्ये विसर्जित झाला.

अशा व्यक्ती निसर्गतःच संगीतप्रेमी असतात, ही लोकप्रिय समजूत येथे तपासून घेतली पाहिजे. विल्यम्स लक्षणसमूह असलेल्यांमध्ये संगीताची उत्कट ओढ आढळते, हे खरे. परंतु आवड व कसब यांचे प्रमाण त्यांच्यातही व्यक्तिपरत्वे पुष्कळ बदलते. सरसकट समजुतीचा तोटा असा, की शिकविण्याची गरजच वाटेनाशी होते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ मधील करारनाम्यातील तिसाव्या कलमाने अपंग व्यक्तींच्या सर्जनशक्तीला वाव देण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर घातले आणि हा वाव त्यांच्या स्वतःच्या हितासाठीच नव्हे, तर समाजाच्या समृद्धीसाठीही आहे, असे म्हटले. भारताने २००७ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले व २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा त्यास अनुसरून झाला. महाराष्ट्रात अशा मुलांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील जय वकील विद्यालय १९४४ पासूनचे. तथापि विशेष शाळांच्या स्नेहसंमेलनांत आजही बहुधा ध्वनिमुद्रित गीतावर समूहनृत्य होते आणि विंगेतून शिक्षिका हातवारे करून दाखवीत असतात. प्रत्यक्ष गायन-वादन क्वचितच ऐकावयास मिळते.

वस्तुतः आपली संगीतपरंपरा यास अनुकूल आहे. गुरुमुखातून शिकण्याच्या पद्धतीत लिपीचा अडसर नाही. भजनात टाळ धरणारा नवखा व पखवाज वाजविणारा मुरलेला, दोघे एकाच वेळी एकाच रचनेत असतात. तंबोऱ्याच्या चार तारा संथपणे छेडीत राहणे, हे तर गायनाला पायाभूत असलेले, तरीही थोड्या हालचालींत साधणारे काम. अडचण येते ती पेटीवर. रंगीत चिन्हे पट्ट्यांवर कायमची चिकटविली, तर काळी एकमध्ये गाणाऱ्याचा ‘सा’ आणि पांढरी चारमध्ये गाणाऱ्याचा ‘सा’ निरनिराळ्या रंगांचा होतो आणि विद्यार्थी गोंधळतो. फिनलंडची पद्धती पाश्चात्त्य अचल स्वरांसाठी आहे. आपल्याकडे रंग पट्टीला न देता स्वराला द्यावा लागेल आणि चिन्हांची फीत पेटीवर सरकती ठेवावी लागेल.