गावकीची एकी

शिरूर तालुक्याचा नकाशा पुढ्यात पसरला, की नजर मोठ्या नावांवरच ठरते. रांजणगावी अष्टविनायकांतला महागणपती, वढू बुद्रुकला संभाजीमहाराजांची समाधी, पाबळला मस्तानीची कबर. आणि भीमेकाठचे ते कोरेगाव, जेथे १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण पेशव्यांच्या फौजेशी भिडली. घोड नदीच्या अंगाला असलेले निमोणे या नावांच्या पंक्तीला बसत नाही. शाळेच्या पुस्तकात निमोण्याचा धडा नाही. मी शिक्षक आहे. वर्गात एखादे पोर विचारते, “गुरुजी, आपल्या गावाचा इतिहास कुठं लिहिलाय?” तेव्हा खडू हातात तसाच राहतो.

पण इतिहास केवळ किल्ल्यांवर नि समाध्यांवरच लिहिलेला असतो असे थोडेच आहे? निमोण्याच्या शेजारी करडे नावाचे गाव आहे. या टापूतल्या लहान गावांनी एकेकाळी काय केले, हे करड्याच्या एका हकिकतीत सापडते. ती समजायची तर आधी गाव कसे चाले ते पाहिले पाहिजे.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. बाजरी-ज्वारी पिकवायची ती आभाळाकडे डोळे लावून. अशा ठिकाणी एकट्या कुणब्याचे चालत नाही. सुताराने नांगर भरावा, लोहाराने फाळ शेवटावा, चांभाराने मोट शिवावी, न्हाव्याने हजामत करावी, परटाने धुणे धुवावे, गुरवाने देवळात दिवा लावावा; आणि सुगी आली म्हणजे खळ्यावरून प्रत्येकाने आपले बलुते न्यावे. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहून या व्यवस्थेचे गुणदोष मराठी वाचकांपुढे मांडले. मारुतीचे देऊळ आणि त्यापुढचा पार ही त्या गाड्याची बैठक. तेथे भजन होई, तेथेच तंटे तुटत, आणि बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडण्याची छाती सहसा कोणाला होत नसे. आपल्याकडच्या खेड्यात देवधर्म आणि गावकी ही दोन खाती वेगळी कधी नव्हतीच.

सावकारही या गावातच राही आणि पूर्वी त्यालाही गावाचा धाक असे. वसुली करायची तर पाटलाचा आधार लागे. इंग्रजी अमलात हे पालटले. आता कागद हातात असला म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा मिळे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तर दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायची रीत पडली आणि मागचे व्याज पुढच्या मुदलात मिसळत गेले. अमेरिकेतल्या यादवीमुळे, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला सोन्याचा भाव आला होता. तेव्हा कर्ज सढळ हाताने मिळाले. यादवी संपली, भाव कोसळले. त्यातच १८६७ पासून फेरआकारणी होऊन सारा वाढला. कुणब्याचा अंगठा मात्र रोख्यांवर उठतच राहिला.

डिसेंबर १८७४ मध्ये करड्याच्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर हुकूमनामा मिळवला. कर्ज दीडशे रुपयांचे. सावकाराने देशमुखाचे राहते घर पाडायला घेतले. दीडशे रुपयांसाठी एका घराचे वासे उतरताना साऱ्या गावाने पाहिले, आणि गावाचे माथे भडकले.

पण करड्याने काठ्या उचलल्या नाहीत. गावाने आपल्याजवळ होते तेच हत्यार काढले. सावकाराच्या शेतात कोणी राबेना, न्हावी त्याच्या दाढीला हात लावीना, पाणक्या पाणी भरीना. गावगाडा ज्या चाकांवर चाले ती चाके त्याच्यापुरती थांबली. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. तिकडे इंदापूर तालुक्यात कळस गावाने तर संमतिपत्रच लिहून काढले, की जो सावकाराची जमीन कसील तो भाऊबंदकीबाहेर, आणि बलुतेदारांनी त्याचे काम करू नये.

या गोष्टीत न्हाव्याची नि पाणक्याची आठवण कोणी फारशी काढत नाही. घर देशमुखाचे पडले, पण रोजचे मिळते घर सोडले ते यांनी. ज्याची शेती नाही, बलुत्यावर ज्याचे पोट, त्याने बडे गिऱ्हाईक तोडणे ही लहान गोष्ट नव्हती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, बाजारच्या दिवशी, दंगा उसळला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर होता. कागद हाती आले की होळी, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागे. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले.

येथे हकिकत संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. एक तर लोकांचा राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. गावातलेच ब्राह्मण सावकार बहुतांशी सुटले. परका कोण, हेही गावच ठरवीत होते. दुसरे असे, की जी गावकी सावकाराचे पाणी तोडू शकली, तिनेच महाराला आपल्या विहिरीवर कधी चढू दिले नव्हते. सावकाराचे पाणी एका हंगामापुरते तुटले, महाराचे पिढ्यान्‌पिढ्या. करड्याला घर पडले त्याच १८७४ साली सरकारने वतनाचा कायदा केला आणि गावकीची ती जुनी बेडी कागदावर पक्की झाली. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात तिच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. महार वतने नष्ट करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते संविधान सभेत का झोंबले, हे करड्याची गोष्ट उलटून वाचली म्हणजे कळते. हत्यार एकच, कोणावर धरले एवढाच फरक.

आता पाणी वेगळ्या वाटेने येते. १९६५ साली चिंचणीपाशी घोड नदीवर धरण पुरे झाले, न्हावऱ्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, बाजरीच्या मुलखात ऊस दिसू लागला. खळे गेले, बलुते गेले. न्हाव्याचे दुकान रस्त्यावर आले आणि तेथे पैसे मोजणाऱ्या कोणाचीही दाढी होते. गावकीचा बहिष्कारही गुन्हा ठरला. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तसा कायदा मंजूर केला आणि २०१७ पासून तो अमलात आहे. मला हा कायदा हवासा वाटतो. तरीही तो वाचताना करड्याचा तो पाणक्या डोळ्यांपुढे येतो आणि क्षणभर मन अडखळते.

यात्रेच्या दिवशी या बाजूच्या कोणत्याही गावी जा. पालखी निघते, ढोल वाजतो, पुण्या-मुंबईला पोटामागे गेलेली माणसे परततात. गाव एक आहे असे त्या दिवशी खरेच वाटते. ती एकी खोटी नाही. तिच्या बळावरच आपल्या पणजोबांनी कोर्टाच्या हुकूमनाम्यापुढे मान ताठ ठेवली. मात्र त्या एकीत कोणाकोणाला धरले आणि कोणाला वगळले, हा प्रश्न पालखी मारुतीच्या पारापाशी टेकली म्हणजे आपणच आपल्याला विचारायचा आहे.

वर्गातल्या पोराला मी आता उत्तर देतो. “बाळ, गावाचा इतिहास विहिरीवर लिहिलेला असतो. तिथं पाणी कोणी भरलं आणि कोणाला भरू दिलं नाही, एवढं घरी जाऊन आजीला विचारून ये.”