माळवदाखालची कलाकुसर

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या जुन्या घरांची मोजणी खोल्यांवर होत नसे. घर किती खणांचं, हे विचारलं जाई. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर शेतकऱ्याचं, बारा-पंधरा खणांचा वाडा देशमुख-पाटलांचा. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांची नजर आधी खांबांवर जाई आणि मग मुलावर.

हे खांब शोभेचे नव्हते. बाहेरून दोन-तीन फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या आणि चिखलाच्या भिंती, आणि आत लाकडाचा वेगळा सांगाडा, अशी ही रचना. घडीव दगडाच्या तळखड्यावर खांब उभा राही, त्याच्या डोक्यावर दोन्हीकडे हात पसरलेले हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर सर, सरांवर किलच, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हे झालं माळवद. ऐपतदाराच्या घरात सागवान, बाकीच्यांकडे लिंब किंवा बाभूळ. सागाचं जंगल किनवट-माहूरच्या डोंगरात. लातूर, औसा, निलंग्याचा मुलूख उघडा आणि पावसाचा हात आखडता, त्यामुळे तिथे सागाचा खांब ही घराण्याची मिरवायची वस्तू होती.

मराठवाड्यातल्या घरसजावटीची गोम इथेच आहे. ज्या लाकडावर आणि ज्या भिंतीवर घराचा भार, त्यांच्यावरच कलाकुसर होई. सुतार हस्तांवर कमळ, केळफूल, पोपट कोरी. माजघराच्या चौकटीला गणेशपट्टी असे, दाराला पितळी फुल्या आणि आतून अडसर. वाड्याच्या दिंडीतून वाकून आत शिरलं की दोन्ही बाजूंना ढाळज, पुढे अंगण, मग ओसरी. उंची लाकूडकाम ओसरीच्या पहिल्या रांगेत, कारण पाहुणा तिथे टेके.

भिंतीची जाडीही वाया जात नसे. तिच्या पोटात देवळ्या, कोनाडे, फडताळं आणि धान्याची बळदं. खुंट्या भिंत उचलतानाच बसवलेल्या. कपाट, टेबल, शेल्फ असं वेगळं सामान या घराला फारसं लागतच नव्हतं. एखादी देवळी जवळून पाहावी: वर छोटी कमान, तळाशी पणतीच्या तेलानं काळवंडून गुळगुळीत झालेली जागा आणि कमानीवर काजळीची निमुळती जीभ. सणासुदीला बायका पांढऱ्या मातीचा हात फिरवून ती जीभ पुसत, खाली कावेचा पट्टा ओढत, आणि चार दिवसांत काजळी पुन्हा वर चढे. भुई शेणानं सारवलेली, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, फळीवर चिंचेनं घासलेली पितळी भांडी. उजेड छपरातल्या साण्यातून उतरे आणि नेमका त्या भांड्यांवर पडे. घरात काय कुठे मांडायचं, हे साणं कुठे आहे ते पाहून ठरवणाऱ्या त्या बायका या घरांच्या खऱ्या सजावटकार होत्या. त्यांची नावं कुठल्याही दप्तरात नाहीत, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

या सगळ्याचा कळस महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत दिसे. इतरत्र गौरी म्हणतात, इकडे महालक्ष्म्या. दोन खांबांमधला एक खण म्हणजे तयार मखरच. खांबांना केळीचे खुंट, मागे नवी लुगडी ताणलेली आणि वर तुळईच्या कडीला फुलोरा, म्हणजे करंज्या, पापड्या, वेण्या ओवून टांगलेला. एरवी त्याच कड्यांना बाळाचा पाळणा, नाहीतर बंगई.

निजामाच्या राज्यात रेल्वे आली तसा नवा माल आला. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातला मनमाड-सिकंदराबाद मार्ग नांदेडवरून सुरू झाला आणि १९११ मध्ये बार्शी लाईटची छोटी गाडी लातूरला पोचली. काच, लोखंडी गज, पत्रे मिळणं सोपं झालं. शहाबादची फरशी तर याच संस्थानातली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती पुढे मराठी घरांच्या भिंतींवर आल्या. तरी सांगाडा तोच राहिला.

मात्र या घरात एक दोष वर्षावर्षानं वाढत होता. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकत. जुनी काढण्याची चाल नव्हती. पिढ्यांमागून पिढ्यांचा थर दीड-दोन फुटांवर गेला. उन्हाळ्यात घर गार राही, आणि डोक्यावरचं ओझं वाढत जाई. भिंतींच्या दगडांना आरपार बांधणारे दगड घालायची रीतही सुटली होती.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. भिंती ढासळल्या, पण नीट जोडलेले लाकडी सांगाडे अनेक ठिकाणी उभेच राहिले. वाचलेल्यांनी मात्र दगड आणि लाकूड दोन्हींचा धसका घेतला. तो समजण्यासारखा होता.

५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं सरळ रांगांत उभी राहिली. औसा तालुक्यातल्या गुबाळला तर घुमटाकार घरं बांधली गेली. वळणाऱ्या भिंतीला फळी टेकत नाही, कपाट टेकत नाही, देव्हारा कुठे ठेवायचा हाही प्रश्नच. सिमेंटच्या पातळ भिंतीत देवळी बसेना, तशी लोखंडी मांडणी आली. उतरंडीला कोपरा उरला नाही. ज्या गावांत जुनी घरं मजबूत करण्यासाठी मदत मिळाली, तिथेही पुष्कळांनी त्या पैशांतून शेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधणं पसंत केलं. ढिगाऱ्यातलं सागवान कुणी नव्या घरापुढच्या पडवीला लावलं, कुणी विकलं.

दुःख याचं आहे की दोष मातीच्या वजनाचा आणि भिंतीच्या बांधणीचा होता, आणि शिक्षा कारागिरीला झाली. आता जुन्या वाड्यांच्या चौकटी मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात विकायला उभ्या असतात आणि नव्या बंगल्यांत ‘पारंपरिक लूक’ म्हणून भिंतीला खिळतात. भार न घेणारा खांब खोटा वाटतो, कितीही कोरलेला असला तरी.

त्यापेक्षा जुन्या घराची रीत घेतली तर ती आजही चालते. सिमेंटच्या सांगाड्यात भार खांब पेलतात, भिंत मोकळी असते. नऊ इंची भिंतीत देवळी आणि फडताळ बांधतानाच सोडता येतं, मागून पोखरावं लागत नाही. जिन्याच्या छतात काचेचं साणं ठेवता येतं. आणि नांदेड-लातूरच्या फ्लॅटमध्ये महालक्ष्म्यांचा फुलोरा हल्ली लोखंडी स्टँडला बांधावा लागतो, त्यावर उपाय कड्यांचा आहे. स्लॅबची सळई बांधतानाच दिवाणखान्यात दोन मजबूत कड्या सोडायला सांगाव्यात. खर्च नगण्य, आणि पाळणा, बंगई, फुलोरा तिन्हींची सोय होते.