पिसाची माशी आणि बायकांचे हात

आपल्या वेदगंगेच्या काठी मासे धरणं काही नवं नाही. भोई मंडळी जाळं टाकतात, पोरं गळाला गांडूळ लावून बसतात, पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात. आज सांगणार आहे ती मासेमारी जरा निराळी. तिच्यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळाला दोरा आणि पीस गुंडाळून खोटी माशी करायची आणि माशाला खरी वाटेल अशी ती पाण्यावर उतरवायची. इंग्रजीत याला फ्लाय फिशिंग म्हणतात.

हा साहेबलोकांचा छंद, असं आपल्याला वाटतं. पण त्याचा इतिहास बघायला गेलं, की ठिकठिकाणी बायका भेटतात.

इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक पुस्तिका छापली गेली. इंग्रजीत या विषयावर छापलेलं ते पहिलं लेखन. परंपरेनं त्याचं श्रेय ज्युलियाना बर्नर्स या मठातल्या बाईला देतात. अभ्यासकांत त्यावर वाद आहे, पण पाचशे वर्षं नाव तिचंच घेतलं जातंय. काठी कशी करायची, घोड्याच्या केसांची दोरी कशी वळायची, कुठल्या महिन्यात कुठली माशी बांधायची, अशा बारा माश्या त्यात दिल्या आहेत. आणि हावरेपणानं फार मासे मारू नका, हेही बजावलं आहे.

पुढे अमेरिकेत मेरी ऑर्व्हिस मार्बरी या बाई वडिलांच्या कारखान्यात माश्या बांधण्याचा विभाग सांभाळत. तिथं काम करणाऱ्या बायकाच होत्या. तेव्हा एकाच माशीला गावोगावी वेगळं नाव असे. मेरीबाईंनी ठिकठिकाणच्या मासेमारांची पत्रं गोळा केली, नावं जुळवली आणि १८९२ साली रंगीत चित्रांसह मोठं पुस्तक काढलं. तो गोंधळ पुष्कळसा मिटला.

तिसऱ्या मेगन बॉइड, स्कॉटलंडच्या. जन्म १९१५, मृत्यू २००१. समुद्राकाठच्या छोट्या घरात, कित्येक वर्षं विजेशिवाय, त्यांनी जन्मभर माश्या बांधल्या. राजघराण्यातूनही मागणी यायची. १९७१ साली त्यांना ब्रिटिश सरकारचं पदक जाहीर झालं, तर कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून त्या राजवाड्यात गेल्याच नाहीत! आणि गंमत म्हणजे त्यांनी स्वतः मासेमारी केली नाही. मासा मारणं त्यांना सोसत नसे.

आता नवशिक्यानं हे शिकायचं कसं? आधी पाण्यावर जायचंच नाही. मोकळ्या रानात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करायचा. गोफणीत दगडाचं वजन लांब जातं. इथं माशी पिसासारखी हलकी, म्हणून दोरीच जाड आणि वजनदार असते. आसूड मागं घेतल्यासारखी काठी मागं न्यायची, दोरी पाठीमागं सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं, मग पुढं आणायची. नवखी माणसं हे थांबणंच विसरतात आणि दोरीचा गुंता होतो. ताकदीचं काम थोडं, सबुरीचं जास्त.

दुसरा धडा नदीचा. उथळ पाण्यातला दगड उलटून बघा, खाली बारीक किडे चिकटलेले दिसतील. त्यातल्या काहींना पुढं पंख फुटतात आणि संध्याकाळी ते पाण्यावर घिरट्या घालतात. मासा तेव्हा जे खातो, तसलीच माशी बांधायची. आणि दुसऱ्याच्या ठेक्याच्या पाण्यात विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही.

आपल्या मुलखाचाही यात भाग आहे. ज्या महसीर माशासाठी या छंदाची माणसं भारतात येतात, त्याची दख्खनी जात कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या नदीतून १८३९ साली शास्त्रात नोंदवली. नाव दिलं ‘खुद्री’, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडचंच. ‘कोळस’ माशाचंही तसंच. आज जगभरचे शास्त्रज्ञ ही नावं वापरतात. पण ती साहेबांना कुणी सांगितली, त्या माणसांची नावं मात्र राहिली नाहीत.

मैत्रिणींनो, मेरीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून ते टिकलं. कुठल्या नक्षत्रात चढणीचे मासे येतात, कुठल्या डोहात काय सापडायचं, कुठला मासा आता दिसत नाही, हे आपल्या आज्या-सासवांना ठाऊक आहे. ते त्यांच्याबरोबरच जाईल. बचत गटाच्या वहीत हिशोब तर आपण लिहितोच. तिचीच मागची चार पानं यासाठी ठेवा. त्यांना विचारा, लिहा, आणि प्रत्येक माहितीखाली सांगणारीचं नाव घालायला विसरू नका.