दुव्याचा सख्खा भाऊ

वर्ध्याकडे शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. नांगरताना एखादं तास धुऱ्यात घुसतं. पुढच्या साली आणखी एक. चार-पाच वर्षांत बैलगाडी जायची तिथं पाऊलवाट उरते, आणि एका सकाळी शेजारच्या वावरातला माणूस तुरीतून ओरडत येतो. मग कधीही विचारा, उत्तर एकच: ‘त्याचा अन् आमचा उभा दावा हाये.’ उभा, म्हणजे अजून खाली बसलेला नाही.

भांडण संध्याकाळी मिटू शकतं. दावा नातवाच्या वाट्याला येतो, सातबाऱ्यावर न चढता.

शब्द ऐकून दावानल आठवतो. संस्कृतात ‘दाव’ म्हणजे रानातला वणवा, तेव्हा वैराला शोभेल असाच. गोठ्यातलं दावं तर त्याहून जवळचं. पण दोघांशीही याचं नातं नाही. दावं आलं ते ‘दाम’ म्हणजे दोरीवरून, दामोदराच्या पोटाला बांधली होती तीच. भांडणाचा दावा अरबी. त्याच्या धातूचा अर्थ हाक मारणं, बोलावणं. जेवायला बोलावलं ती दावत. देवाला हाक घातली ती दुआ, मराठीत दुवा. आणि ‘हे माझं आहे’ म्हणून न्याय देणाऱ्यापुढे हाक घातली, तो दावा. म्हणजे आजी तोंडावरून हात फिरवून देते तो दुवा आणि चुलत्याशी चालतो तो दावा, एकाच घरचे.

फारसी दफ्तरांतून हा शब्द फिर्याद, वकील या मंडळींसोबत मराठीत आला. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात तो हक्क सांगणंही आहे आणि वैरही. हक्काचं वैर कसं झालं? माझा संशय वतनांवर आहे. पाटीलकीवर हक्क सांगणारा परका क्वचितच, बहुधा भाऊबंदच. आणि तो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालायचा. मागणारा आणि वैरी एकच म्हटल्यावर दोन शब्द कशाला लागतील? हिंदीतल्या ‘मुद्दई’चंही तेच झालं. तोही याच धातूचा. फिर्यादी होता, दुश्मन झाला.

वर्ध्याचा मुलूख ज्यांच्या ताब्यात होता त्या नागपूरकर भोसल्यांचंच पाहा. १७७२मध्ये जानोजी वारले. दत्तक घेतला होता धाकट्या भावाचा, मुधोजीचा, मुलगा रघुजी, पण दुसरा भाऊ साबाजी यानेही गादीवर हक्क सांगितला. १७७५च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावला मुधोजी आणि साबाजी हे दोघे भाऊ समोरासमोर आले आणि साबाजी मारला गेला. पहिल्या अर्थापासून दुसऱ्यापर्यंत जायला तीन वर्षं लागली.

आता वर्तमानपत्रात ‘उमेदवारीचे तीन दावेदार’ असं छापून येतं. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे वैरीसुद्धा. बातमी तशी वाचली तरी फारसं चुकत नाही.

धुऱ्याचं प्रकरण तहसीलदारापुढे जातं. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली धुऱ्यावरून जायची वाट मिळते, कागदावर सगळं निकाली निघतं, गाड्याही सुरू होतात. पोळ्याला मात्र तोरणाखाली दोन्ही घरच्या जोड्या उभ्या राहतात त्या मधे तिसऱ्याची जोडी घालून.