ख्रिस्ती स्वातंत्र्य

येशू ख्रिस्तावरील विश्वासाने माणसाला लाभणारी आंतरिक मोकळीक आणि त्या मोकळिकीत जगण्याची रीत. पापाच्या सत्तेतून, मृत्यूच्या भयातून आणि नियम पाळून देवाची मर्जी कमावण्याच्या ओझ्यातून सुटका, असे तिचे स्वरूप ख्रिस्ती धर्मविचारात सांगितले जाते. सदसद्विवेकबुद्धीवर देवाखेरीज कोणाचीही मालकी चालत नाही, हा निष्कर्ष त्यातूनच निघतो. राजकीय स्वातंत्र्याशी तिचा संबंध वारंवार आला, तरी ती त्यावर अवलंबून नाही. बंदिवानालाही ती असू शकते, असे ही परंपरा मानते. पौलाची काही पत्रे कैदेतूनच लिहिलेली आहेत.

वाटेल तसे वागण्याची मुभा हा अर्थ पहिल्या शतकातच नाकारला गेला. सुटलेला माणूस आपण होऊन शेजाऱ्याच्या सेवेला बांधून घेतो, आणि ते बांधून घेणे हीच त्याच्या सुटकेची खूण होय, असे या विचाराचे मर्म आहे. ग्रंथांतून ते अवघड भासते. प्रत्यक्षात मात्र त्यावरचे मोठे वाद जेवणाच्या पंक्तीत झाले: कोणी कोणाबरोबर जेवावे, काय खावे, काय वर्ज्य करावे. म्हणून या नोंदीत अन्नाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

पहिला वाद इ. स. ५० च्या सुमारास अंत्युखिया या नगरात झाला. तेथील मंडळीत यहुदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत, आणि प्रेषित पेत्रही त्यांच्यात बसे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली तेव्हा त्यांच्या धास्तीने पेत्र पंक्तीतून उठू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी आणि पौलाचा सोबती बर्णबाही बाजूला झाले. पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. ही हकीकत पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मध्य भाग. परराष्ट्रीयांनी ख्रिस्ताबरोबर सुंता आणि मोशेचे नियमशास्त्रही स्वीकारलेच पाहिजे, असा प्रचार तेथील मंडळ्यांत सुरू झाला होता. पौलाचे उत्तर असे की, नियम पाळून माणूस नीतिमान ठरत असेल तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ गेले. ज्या जुवातून सुटलात त्याखाली पुन्हा मान देऊ नका.

याच पौलाने तीत या ग्रीक सोबत्याची सुंता होऊ दिली नाही, पण तीमथ्याची मात्र स्वतः करवून घेतली. वरवर पाहता ही विसंगती वाटते. तीताच्या वेळी सुंता ही तारणाची अट म्हणून मागितली जात होती, तेथे तसूभर माघार नाही. तीमथ्याची आई यहुदी होती; यहुद्यांमध्ये काम करताना अडसर नको म्हणून ती सुंता झाली. एकच कृती सक्तीखाली गुलामी ठरते आणि प्रेमापोटी मोकळेपणाने करता येते. पौलाच्या भूमिकेची इतकी नेमकी उकल त्याच्या युक्तिवादातही क्वचित सापडते.

करिंथमध्ये प्रश्न उलट बाजूने आला. मूर्तीपुढे वाहिलेले मांस तेथे विकत मिळे. मूर्ती ही काही वस्तूच नाही, मग ते खायला हरकत कसली, असे मंडळीतले जाणकार म्हणत. कालपर्यंत त्याच देवळात जाणाऱ्या नवख्या विश्वासणाऱ्याला मात्र ते मांस पाहून मनात कालवाकालव होई. पौलाने जाणकारांचे म्हणणे तत्त्वतः मान्य केले, पण माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांसाला कधीच शिवणार नाही, अशी भूमिका घेतली. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केवळ भाजीपाला खाणारे आणि सर्व काही खाणारे यांना त्याने बजावले की, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. ही शिकवण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील वाँटेजच्या मठात कशी विसरली गेली, ते पुढे येईल.

चौथ्या-पाचव्या शतकांत हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने प्रश्न आणखी आत नेला. माणसाला बाहेरून कोणी अडवले नाही तरी त्याची इच्छाच वाकडी झालेली असते. चांगले काय ते कळूनही वळत नाही. ती इच्छा देवाच्या कृपेनेच सरळ होते, असे तो मानी. पेलागियस आणि त्याच्या अनुयायांशी झालेल्या त्याच्या वादातून पाश्चात्त्य चर्चची कृपाविषयक शिकवण घडली.

मार्टिन ल्यूथरच्या ‘ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य’ या पुस्तिकेने १५२० मध्ये हा विषय सामान्य माणसाच्या हाती आणला. पोपने त्याला बहिष्काराची धमकी दिली होती, तरीही पुस्तिकेसोबत पोप दहावे लिओ यांना उद्देशून पत्र होते. ती लॅटिन आणि जर्मन या दोन्ही भाषांत निघाली. विश्वासाने ख्रिस्ती माणूस कोणाचाही ताबेदार नाही आणि प्रेमाने तो सर्वांचा सेवक आहे, ही दोन विधाने शेजारी ठेवून ल्यूथरने सगळी मांडणी त्यांवर उभारली. देवाला खूश करण्यासाठी सत्कृत्यांची गरज उरली नाही, म्हणून आता ती खरोखर शेजाऱ्यासाठी करता येतात. आपल्या पुण्याच्या हिशोबात शेजारी जमा धरला जात नाही. प्रस्तुत लेखकाला या पुस्तिकेतील हा विचार सर्वांत मोलाचा वाटतो. उपकार करणारा जोवर स्वतःच्या तारणाची चिंता वाहत असतो, तोवर समोरचा गरजू हा त्याच्या लेखी साधनच राहतो.

दोन वर्षांनी, १५२२ च्या उपवासकाळात, झुरिकमधील मुद्रक क्रिस्टोफ फ्रोशाउअर याच्या घरी काही जणांनी सॉसेजचे तुकडे खाल्ले. उपवासात मांस निषिद्ध होते आणि नगरपालिकेने चौकशी लावली. उलरिक झ्विंग्ली हा धर्मोपदेशक तेथे हजर होता. त्याने स्वतः मांस खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांच्या बाजूने प्रवचन दिले आणि ते छापले. स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेची सुरुवात बहुधा या प्रसंगापासून मोजतात. त्याच मार्च महिन्यात ल्यूथर मात्र विटेनबर्गमध्ये उलट्या दिशेने लढत होता. तेथील उतावळे सुधारक जुने उपासनाविधी जोरजबरदस्तीने मोडू पाहत होते. ल्यूथरने सलग आठ दिवस प्रवचने देऊन सांगितले की, मोकळीक ही सक्ती झाली की मोकळीक राहत नाही. दुबळ्यांना वेळ द्या.

१५२५ मध्ये जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा मागण्या मांडल्या. ख्रिस्ताने आपले रक्त देऊन सर्वांना सोडवले असताना आम्ही जमीनदारांचे भूदास का, हा त्यातला एक सवाल होता. ल्यूथरने ही आंतरिक बाब ऐहिक करण्यास नकार दिला आणि उठाव चिघळल्यावर तो चिरडण्याची जहाल भाषा वापरली. त्याच्या अनुयायांनाही हे पान आजवर सुखाने वाचता आलेले नाही. आत्म्याच्या स्वातंत्र्याची भाषा मालकांना सोयीची पडू शकते, हे पुढेही दिसले. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला छापलेल्या बायबलमधून इस्राएल लोकांच्या मिसरातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा भाग वगळला होता.

जॉन कॅल्व्हिनने या विषयाला आपल्या मुख्य ग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले. ना विहित ना निषिद्ध अशा गोष्टींबाबत मनाला उगाच टोचणी लावून घेऊ नये, हा त्यातला व्यवहारी भाग. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील परिषदेत, १५४७ मध्ये, कृपेला माणसाची इच्छा साथ देते आणि तशी ती मोकळी आहे, असे प्रतिपादले. इग्नेशियस लॉयोलाची ‘आध्यात्मिक साधना’ ही त्याच परंपरेतली. पैसा, मान, आरोग्य, दीर्घायुष्य यांपैकी कशालाही मन चिकटून राहू नये, म्हणजे देवाची इच्छा ओळखता येते, हा तिचा हेतू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजीच्या घोषणेत धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये असे म्हटले. हे यायला फार उशीर झाला.

उलट टोकाचा धोकाही होता. कृपेने सगळे माफ आहे, तर मग नियम कशाला, असा सूर ल्यूथरच्या हयातीतच त्याचा मित्र योहान आग्रिकोला याच्या शिकवणीत उमटला आणि दोघांत वाकडे आले. चारशे वर्षांनी डीट्रिख बॉनहोफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात शिष्यत्वाविना वाटल्या जाणाऱ्या स्वस्त कृपेवर कोरडे ओढले. हिटलरविरोधी कटातील सहभागामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आली.

भारतात या विचाराची कसोटी अधिक कठीण होती, आणि चर्च तिला अनेकदा उतरले नाही. गोव्यात १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालले. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने बाटवलेल्यांना हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्याची आणि दारी तुळस लावण्याची मनाई केली. पौल ज्या जुवाविरुद्ध झगडला, तेच येथे चर्चने स्वतः लोकांच्या मानेवर ठेवले. दक्षिणेत उलट बाजूने, प्रभुभोजनातही जातीचे वेगळेपण टिकून राहिले. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळ्यांतून जात तत्काळ काढून टाकण्याचा आदेश दिला. तरीही तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमी अजून वेगळ्या आहेत.

मराठी ख्रिस्ती जीवनात या स्वातंत्र्याचा सर्वांत निर्भय पुरस्कार पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुढच्या काळात तेथील भगिनी जेराल्डीन आणि इतर वडीलधाऱ्यांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्रैक्याविषयीची अँग्लिकन शिकवण त्यांनी बायबल वाचून तपासली आणि पटेना तेव्हा तसे स्पष्ट लिहिले. माझी बुद्धी आणि विवेक माझे आहेत, पुरोहितांचे एक जू मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसरे घ्यायला मी तयार नाही, अशा आशयाचे त्यांचे पत्र १८८५ चे आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्या शाकाहारी राहिल्या, याचा अर्थ मठातल्यांनी जातीचा अभिमान सुटला नाही असा लावला. रमाबाई आपल्या पूर्वजांच्या निरुपद्रवी चालीरीती पाळणे आपल्या मर्जीचा भाग समजत. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. तीही त्यांना पटली नाही.

एवढे भांडूनही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी नंतर आपल्या १९०७ च्या आत्मनिवेदनात लिहिले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या मनाला निवांतपणा लाभला. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान ताठ ठेवणे आणि देवापुढे निश्चिंत होणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसते.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी स्थापन झालेल्या, पुढे पुण्यास हलवलेल्या त्यांच्या शारदा सदनात विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी मात्र त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून वाद पेटला, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले. धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर लोकांनी विश्वास टाकला होता. टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. पण मुलींवर सक्ती नसताना आपण दार लावून प्रार्थना करावी, ही मागणी रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही काळाने दोघे पुन्हा एकत्र राहू लागले, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे, स्वयंपाक आणि पाणी वेगळेच राहिले. टिळकांनी ते बळाने मोडले नाही. जात देवाने केलेली नाही, हे लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतः घेतले. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा सारा प्रवास आला आहे. टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची चाकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना सारखी जागा होती. दोन वर्षांत टिळकांचे निधन झाले.