कवडीमोल राहावे म्हणून घडवलेले चलन

१/ जून २०१०. बिटकॉइनला जन्मून जेमतेम दीड वर्ष झाले होते. गॅविन अँड्रिसन या प्रोग्रामरने एक संकेतस्थळ उघडले. येणाऱ्याने आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायचे आणि पाच बिटकॉइन फुकट न्यायचे. आरंभी त्याने त्यात १,१०० बिटकॉइन ओतले होते. या सोयीचे नाव पडले ‘फॉसेट’, म्हणजे नळ. मराठीत तिला पाणपोई म्हटले असते तर अधिक शोभले असते. 🧵

२/ ती नाणी खरी होती. त्यांना भाव आला तसा नळ आटला. नाव मात्र टिकले आणि पुढे एका वेगळ्याच चलनाला चिकटले. ज्याची किंमत शून्य असावी हाच ज्याचा हेतू, असे ते चलन. त्याला ‘टेस्टनेट’वरची, म्हणजे चाचणी जाळ्यावरची नाणी म्हणतात.

३/ अशा नाण्यांची गरज का पडली? ब्लॉकचेनवर नोंदलेला व्यवहार मागे घेता येत नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेले नाणे गेलेच. २०१६ साली ‘द डाओ’ या प्रकल्पाच्या कोडमधील एका त्रुटीतून सुमारे ३६ लाख इथर बाहेर काढले गेले. ते परत मिळवण्याच्या वादात इथेरियमच्या अख्ख्या जाळ्याचे दोन तुकडे झाले. नवशिक्याने चुका कराव्यात तरी कुठे?

४/ बिटकॉइनकरांनी २०१० च्या ऑक्टोबरमध्येच त्यावर तोड काढली होती. नियम बहुतांशी तेच, पण जाळे वेगळे आणि नाणी निरुपयोगी. आणि लवकरच नवल घडले. लोक ती निरुपयोगी नाणी खऱ्या पैशांत विकू लागले! अखेर ते जाळे सोडून नव्या आरंभ-ब्लॉकपासून दुसरे मांडावे लागले.

५/ तिसरे जाळे २०१२ साली आले आणि दशकाहून अधिक काळ चालले. त्यात एक सवलत होती. वीस मिनिटे ब्लॉक सापडला नाही, तर पुढचा ब्लॉक अगदी सोप्या आकडेमोडीने काढता येई. या सवलतीमुळे पुढे ब्लॉकांचा अक्षरशः पूर येऊ लागला आणि त्यांची संख्या २५ लाखांपलीकडे गेली. दर २,१०,००० ब्लॉकांनंतर बक्षीस निम्मे होत असल्याने ५० नाण्यांचे बक्षीस एका नाण्याच्या पन्नासाव्या भागाहूनही खाली आले. नाणी दुर्मिळ झाली. दुर्मिळ झाली म्हणून पुन्हा विकली जाऊ लागली. २०२४ साली चौथे जाळे आले.

६/ इथेरियमची कथा अधिक गुंतागुंतीची. २०१६ अखेरचे ‘रॉपस्टेन’ जाळे खाणकामावर चाले. पण फुकटच्या नाण्यांसाठी महागडी यंत्रे राबवणार कोण? पहारा विरळ राहिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये हल्लेखोरांनी ब्लॉकची गॅसमर्यादा ४७ लाखांवरून थेट ९ अब्जांपर्यंत चढवली आणि जाळे कचऱ्याने भरून टाकले.

७/ त्यानंतर ‘कोव्हान’ आणि ‘रिंकबी’ ही जाळी उभी राहिली. येथे ब्लॉक लिहिण्याचा अधिकार मोजक्या विश्वासू मंडळींनाच होता. हल्ल्याचा प्रश्न मिटला. परंतु शिकाऊ माणसाची स्वतः नाणी खणण्याची वाटही त्याच दिवशी बुजली. नळ ही आता सोय राहिली नाही; तो एकमेव दरवाजा झाला, आणि दरवाजाला पहारेकरी आलेच. रिंकबीच्या नळावर समाजमाध्यमात जाहीर संदेश टाकावा लागे. आठ तासांसाठी ३ इथर, एका दिवसासाठी ७.५, तीन दिवसांसाठी १८.७५, असे रेशन ठरलेले असे.

८/ २०१९ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या ‘गोर्ली’ची नाणी तर पुढे मागूनही मिळेनात. कित्येकांनी ती साठवून ठेवली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोर्लीचे इथर खऱ्या इथरशी बदलून देणारा पूल खुला झाला आणि एका चाचणी-नाण्याचा भाव डॉलरच्या वर गेला. सरावासाठी बनवलेली वस्तू सराव करणाऱ्यालाच परवडेना.

९/ काही नळांनी अट घातली की आधी खऱ्या जाळ्यावर थोडे खरे इथर दाखवा. भामट्यांना रोखण्याचा हा उपाय समजण्यासारखा आहे. पण ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्यासाठीच तर पाणपोई असते! त्या मानाने दुसरी रीत न्याय्य म्हणावी लागेल. काही नळ पैसे न मागता अर्जदाराच्या संगणकाला बराच वेळ आकडेमोड करायला लावतात. घाम गाळा आणि ओंजळ भरून घ्या.

१०/ भारतीय तरुणांनी उभारलेल्या पॉलिगॉनच्या चाचणी जाळ्याचे नाव ‘मुंबई’ होते. ते गोर्लीच्या आधारावर उभे होते. गोर्ली निवृत्त होऊ लागली, तसे एप्रिल २०२४ मध्ये मुंबईही बंद झाले.

११/ सप्टेंबर २०२३ मधील ‘होलेस्की’च्या कर्त्यांनी टंचाईच नको म्हणून १६० कोटी इथर ओतले; खऱ्या जाळ्यावरचे एकूण इथर जेमतेम १२ कोटी. गंमत अशी की आरंभ-ब्लॉकमधील चुकीमुळे हे जाळे पहिल्या दिवशी सुरूच झाले नाही. दोन आठवड्यांनी दुसरा मुहूर्त काढावा लागला.

१२/ फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पेक्ट्रा’ सुधारणेच्या सरावात होलेस्कीचे दोन फाटे फुटले. काही सॉफ्टवेअरमध्ये ठेव-कराराचा पत्ता चुकीचा भरला गेला होता. जाळे पूर्ववत व्हायला सुमारे दोन आठवडे लागले. हीच चूक खऱ्या जाळ्यावर झाली असती तर? मार्चमध्ये नवे जाळे सुरू झाले. इथेरियमच्या जाळ्यांना रेल्वे स्थानकांची नावे देण्याची प्रथा आहे. या वेळी मान बंगळुरूच्या मेट्रोला मिळाला. जाळ्याचे नाव ‘हूडी’.