विंचूविषजन्य स्वादुपिंडदाह व दाहशामक औषधे

विंचवाच्या विषाने स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज आणि ती आवरण्यासाठी प्रयोगशाळेतील प्राण्यांवर अजमावलेली औषधे असा या नोंदीचा विषय आहे. महाराष्ट्रात तो महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील लाल विंचवाशी जोडलेला आहे. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत, दगडांखाली, पेंढ्यात आणि चपलांत सापडणारा हा विंचू काळ्या विंचवापेक्षा लहान, पण कितीतरी जास्त घातक असतो.

विंचूदंशाने स्वादुपिंड सुजते, याची ठळक नोंद त्रिनिदाद बेटावर झाली. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या टिटियस जातीच्या विंचवाने दंश केलेल्या 30 पैकी 24 रुग्णांना स्वादुपिंडदाह आढळला. हे विष मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलिन मोकळे करते, त्यामुळे स्वादुपिंड पाचकरसाचा बेसुमार स्राव करते आणि शेवटी त्याच्याच विकरांनी पोळते. आपल्याकडे मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती आणि सहकाऱ्यांनी लाल विंचवाचे विष प्राण्यांना टोचून हृदयाबरोबर स्वादुपिंडाचाही अभ्यास केला. या विषाने इन्शुलिन दबते, असे मांडून त्यांनी इन्शुलिनचा उपचार सुचवला होता.

प्रयोगशाळेत स्वादुपिंडदाह घडवण्याच्या नेहमीच्या रीती वेगळ्या आहेत. उंदरांना सेरुलिनची वारंवार टोचणी देतात, एल-आर्जिनिनचा मोठा डोस देतात, किंवा स्वादुपिंडाच्या नलिकेत पित्तक्षार सोडतात. या प्राण्यांत अनेक दाहशामक औषधे गुणकारी ठरली. माणसांत मात्र तोच गुण क्वचितच दिसला. लेक्सिपॅफँट हे त्याचे बोलके उदाहरण: प्राण्यांत आशादायक ठरलेले हे औषध 290 रुग्णांच्या चाचणीत अपयशी ठरले. कारण वेळेत आहे. उंदराला औषध इजेआधी किंवा इजेबरोबरच मिळते, रुग्ण मात्र पोटात दुखू लागल्यावर, बऱ्याच तासांनी दवाखान्याची पायरी चढतो. इंडोमेथॅसिन या दाहशामकाला याला अपवाद ठरण्याची संधी मिळाली. पित्तनलिकेच्या दुर्बीण तपासणीत इजेची घटिका आधीच ठाऊक असते. 2012 च्या अमेरिकी चाचणीत तपासणीनंतर लगेच गुदद्वारावाटे हे औषध दिल्यावर स्वादुपिंडदाहाचे प्रमाण 16.9 टक्क्यांवरून 9.2 टक्क्यांवर आले.

विंचूदंशाची वेळही अशीच नेमकी सांगता येते. ब्राझीलच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की, तिथल्या टिटियस विंचवाचे विष दिलेल्या उंदरांचे मृत्यू इंडोमेथॅसिनने कमी होतात. पण तो विंचू निराळा, आणि उंदीर तो उंदीरच.

महाडच्या रुग्णांनी मात्र वेगळा धडा दिला. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्यांनी लाल विंचवाच्या दंशानंतरची लक्षणे बारकाईने टिपली: ओकारी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, पुरुषांत लिंगताठरता, आणि पुढे फुप्फुसात पाणी. 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. इथे रुग्ण दगावतो तो प्रामुख्याने हृदय व फुप्फुसांवरील घाल्यामुळे. विष सोडियम मार्गिका उघड्या ठेवते आणि अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. त्यावर स्टिरॉइडे किंवा अँटिहिस्टामिने कामी येत नाहीत. उलट स्टिरॉइडे या द्रव्यांचा जोर वाढवू शकतात. बावस्करांनी रक्तदाबावरचे प्रॅझोसिन वापरले. ते अल्फा ग्राही अडवते, हृदयावरचा ताण उतरवते. पूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण 25-30 टक्के होते, ते या औषधाने जवळपास एक टक्क्यावर आले.

पुढे महाडमध्येच त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 70 रुग्णांवर चाचणी केली. ती 2011 मध्ये 'बीएमजे'त आली. प्रॅझोसिनबरोबर प्रतिविष दिलेले 91.4 टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्रॅझोसिनवरचे 22.9 टक्के.

या भागातल्या विंचूदंशात पोटदुखी व ओकाऱ्या लांबल्या, तर रक्तातील अमायलेज व लायपेज तपासून स्वादुपिंडाचा विचार करणे योग्य. त्यावरचा उपचार मुख्यतः सलाईन, वेदनाशमन आणि देखरेख यांचाच असतो. विंचूविषाच्या स्वादुपिंडदाहात दाहशामक औषधांचे स्थान अजून प्रयोगशाळेतच आहे. मंत्राने विंचू उतरवण्यात गेलेला तास मात्र अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांच्या त्या लोंढ्याला मोकळे रान देतो. वाडीवस्तीवर कुणाला लाल विंचू चावला, हातपाय गार पडले, घाम सुटला, तर थेट दवाखान्यात न्यावे.